दोन बोटांचें अंतर

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आमच्या घरांत तीन पिढ्या वेदवाक्यासारखी मानली जात आहे. आमच्या आजोबांनीं विहिरीचा अर्धा वांटा ह्या म्हणीपायीं सोडून दिला. वडिलांनीं स्नेह्यास हातउसनी दिलेली रक्कम ह्याच म्हणीच्या नांवानें बुडीत खातीं मांडली. आणि आम्ही स्वतः तर इतके शहाणे निपजलों कीं, बुलढाण्यास गेलों म्हणजे कचेरीकडचा रस्ता टाळून दुसऱ्या रस्त्यानें जातों. अशा घरांतील वडील सुनेनें एके दिवशीं दुपारीं, तांदूळ निवडतां निवडतां, “भाऊजी, ह्या हाताची भरपाई मागतां येते का हो?” असें विचारावें, ही गोष्ट लहान नव्हे. त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमचे कित्येक महिने गेले. जें हातीं लागलें तें आमच्या वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या, उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

आमचें बिऱ्हाड बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील धामणगांव बढे येथें. मलकापूरचें स्टेशन एका अंगास, आणि राजूरचा घाट चढून गेल्यावर बुलढाणें दुसऱ्या अंगास. मध्यें आमचा कपाशीचा व मक्याचा मुलूख. गेल्या वर्षीं उन्हाळा सरतां सरतां वहिनी मुलीकडे एका मोठ्या शहरीं गेल्या होत्या. वय अठ्ठावन, अंगांत मधुमेह; तेव्हां पावसाळ्यापूर्वीं त्यांनीं इन्फ्ल्युएन्झाची लस टोचून घ्यावी, हा मुलीचा आग्रह योग्यच होता. जवळच्या एका खासगी दवाखान्यांत पैसे भरून त्यांनीं ती डाव्या हातांत टोचून घेतली. टोचणारी मुलगी घाईंत होती. वहिनी खुर्चीवर बसलेल्या, ती उभी. वहिनींच्या पोलक्याची बाही घट्ट. ती वर सरकेना. म्हणून तिनें गळ्याकडून पोलकें खांद्याच्या टोंकावरून जरासें खालीं ओढलें आणि जेवढें कातडें उघडें पडलें तेथेंच सुई टोंचली. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

त्याच रात्रीं खांदा ठणकूं लागला. “लस म्हटली म्हणजे दोन दिवस हात दुखायचाच,” असें सर्वांनीं सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. परंतु दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, आठवड्यांचे महिने झाले, आणि वहिनी धामणगांवास परतल्या त्या एक हात कमरेशीं धरूनच. अंबाडा घालावयास दोन हात डोक्यामागें न्यावे लागतात, हें आम्हां पुरुषांस कधीं ठाऊकही नसतें. फळीवरचा डबा उतरविणें, दोरीवर ओलें लुगडें टाकणें, देवघराच्या कोनाड्यांत निरांजन ठेवणें, हीं कामें एकामागून एक त्यांच्या हातून सुटलीं. रात्रीं डाव्या कुशीस वळतां येईना. पुढें जिल्ह्याच्या ठिकाणीं एका अस्थिवैद्यांस दाखविलें. त्यांनीं सोनोग्राफी केली, सुई कोठें टोंचली होती तें बोट ठेवून दाखवावयास सांगितलें, आणि मग आपल्या दोन बोटांनीं खांद्याच्या हाडापासून खालचें अंतर मोजून म्हटलें, “हीं दोन बोटें चुकलीं.”

ह्या दोन बोटांचें शास्त्र थोडक्यांत असें आहे. खांद्याच्या टोंकास जें हाड हातास लागतें, त्याच्या खालीं दंडाच्या बाहेरच्या अंगास एक जाड, त्रिकोणी स्नायु असतो. लस द्यावयाची ती ह्या स्नायूच्या पोटांत, म्हणजे हाड संपतें तेथून दोन ते तीन बोटें खालीं. त्याच्या वरच्या भागांत स्नायु पातळ असून त्याखालीं चिकट द्रवाची एक नाजूक पिशवी असते. स्नायु हाडावर घासूं नये अशी ती निसर्गाची योजना. डॉक्टर तिला ‘बर्सा’ म्हणतात. लस ही शरीराच्या संरक्षक शक्तीस डिवचण्यासाठींच बनविलेली असते. ती स्नायूंत पडली म्हणजे तें डिवचणें हितकर ठरतें. तीच ह्या पिशवींत किंवा सांध्याजवळ पडली, तर संरक्षक सेना आपल्याच घरांत लढाई मांडते. दाह होतो, सांधा आखडतो, आणि महिनेच्या महिने, कधीं वर्षापलीकडेही, हात वर जात नाहीं. २००६ सालीं अमेरिकेंतील दोघां डॉक्टरांनीं अशा दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. २०१० सालीं तेरा रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, आणि त्या विकारास तेथें ‘सिर्व्हा’ हें नांव पडलें. लस घेणाऱ्यांच्या अफाट संख्येपुढें असे रोगी फार थोडे. पण ज्याचा खांदा आखडला त्याला आपण थोड्यांपैकीं एक आहों ह्यांत समाधान तें काय?

येथें एक भेद मनांत पक्का धरला पाहिजे. हा दोष लसीचा नव्हे, टोचणाऱ्या हाताचा. हा भेद न केल्यानें केवढा अनर्थ होतो, ह्याचें उदाहरण आपल्या मुंबईच्या इतिहासांतच आहे. वॉल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें मुंबईंत प्लेगची लस शोधून १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. पुढें १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुल्कोवाल ह्या गांवीं एकाच बाटलींतून लस टोचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका आला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर. त्याला अधिकारपद सोडावें लागलें. वास्तविक बाटली उघडतांना वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. हाफकिनवरील कलंक १९०७ सालीं धुतला गेला, आणि १९२५ सालीं त्या प्रयोगशाळेस त्याचें नांव देण्यांत आलें. पण मधल्या काळांत एका मोठ्या माणसाच्या उमेदीचीं वर्षें वायां गेलीं, आणि त्या एकोणीस घरांस तर कोणत्याच निकालानें माणूस परत मिळालें नाहीं. दोष कोणाचा हें त्याच दिवशीं, त्याच जागीं नोंदलें गेलें नाहीं, म्हणजे निरपराधी भरडला जातो आणि पीडितही उपाशी राहतो.

आमच्या घरांतही नेमका हाच वाद उभा राहिला. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, जन्मभर शाळामास्तर. गांवांत देवी काढण्यास लोक भीत असत त्या काळच्या गोष्टी त्यांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या. पोलिओच्या डोसांसाठीं ते स्वतः घरोघर हिंडलेले. त्यांनीं साफ नकार दिला. “उद्यां लोक म्हणतील, मास्तरांच्या घरचीं माणसें लसीवर फिर्याद करतात. मग ह्या गांवांतली कोणती आई आपलें पोर आरोग्यकेंद्रांत आणील?” हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. त्यावर वहिनी शांतपणें म्हणाल्या, “वाण्यानें साखर मापांत कमी भरली, तर आपण साखर खाणें सोडतों का? वाण्याला बोलतों. आणि नाहीं बोललों, तर उद्यां तो दुसऱ्यालाही कमीच भरील.” दादा कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपल्या कपाटांतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून आमच्या पुढें ठेवला.

प्रथम आम्हीं परदेशांत काय चालतें तें पाहिलें. अमेरिकेंत १९८० च्या सुमारास लसींवर इतके दावे होऊं लागले कीं, लस तयार करणारे कारखाने एक एक करून तो धंदा सोडूं लागले. तेव्हां १९८६ सालीं तेथें एक कायदा झाला व १९८८ पासून एक भरपाई योजना सुरू झाली. प्रत्येक लसीच्या मात्रेवर, ती जितक्या रोगांवर असेल तितक्या पटीनें, पाऊण डॉलर कर बसविला. त्यांतून निधि उभा राहिला. इजा झालेल्यानें कारखान्याशीं भांडावयाचें नाहीं. ह्या कामासाठीं नेमलेल्या विशेष न्यायाधिकाऱ्यांपुढें अर्ज करावयाचा. कोणाची चूक होती हें सिद्ध करण्याची जरूर नाहीं. सरकारनें एक कोष्टक ठरविलें आहे. लस, इजा आणि तिचा काळ हीं कोष्टकांत बसलीं म्हणजे ती इजा लसीनेंच झाली असें गृहीत धरलें जातें. खांद्याची ही इजा २०१७ च्या मार्चांत त्या कोष्टकांत आली. अटी मोजक्याच आहेत. त्या खांद्याचें दुखणें पूर्वीं नसावें. वेदना अठ्ठेचाळीस तासांच्या आंत सुरू झालेली असावी. दुखणें व आखडणें टोचलेल्या खांद्यापुरतेंच असावें. आणि दुसरें कारण दिसूं नये. परिणाम सहा महिन्यांवर टिकला पाहिजे व अर्ज पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत केला पाहिजे. दुःख व क्लेशांबद्दल अडीच लक्ष डॉलरांपर्यंत रक्कम देतां येते, आणि अर्ज सद्धेतूनें व सबळ आधारावर केलेला असल्यास तो हरला तरी वकिलाचा खर्च निधींतून मिळूं शकतो. ही इजा कोष्टकांतून काढून टाकण्याचा नियम २०२१ च्या जानेवारींत निघाला होता. पण तो अंमलांत येण्यापूर्वींच त्याच वर्षीं रद्द झाला.

जर्मनींत न्यायालयानें १९५३ सालींच असें ठरविलें कीं, सर्वांच्या हितासाठीं ज्यानें शरीरावर इजा सोसली त्यानें एक प्रकारचा त्यागच केला. त्याची भरपाई समाजानें करावी. हेंच तत्त्व तेथें १९६१ च्या कायद्यांत आलें. इंग्लंडनें १९७९ सालीं दहा हजार पौंडांची ठोक रक्कम ठरविली, ती पुढें वाढून एक लक्ष वीस हजार झाली; पण तेथें साठ टक्के अपंगत्व सिद्ध करावें लागतें. वहिनींचा खांदा त्या मापांत बसणें कठीण. म्हणजे औदार्याचीं मापेंही देशोदेशीं निराळीं.

हें वाचून आम्ही हुरळून गेलों, आणि मग आपल्या देशाकडे वळलों तेव्हां जमिनीवर आलों. करोनाच्या लसीनंतर दोन तरुण मुली दगावल्या म्हणून त्यांच्या आईबापांनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां २०२२ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें शपथपत्रांत सांगितलें कीं, अशा अत्यंत विरळ घटनांसाठीं सरकारला थेट जबाबदार धरणें कायद्यास धरून होणार नाहीं. ज्यांस भरपाई पाहिजे त्यांनीं दिवाणी न्यायालयांत किंवा ग्राहक मंचाकडे जावें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, औरंगाबादच्या एका पित्यानें आपल्या डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल एक हजार कोटींची भरपाई मागणारा अर्ज केला असतां, मुंबई उच्च न्यायालयानें सरकार व लस तयार करणारी कंपनी ह्यांस नोटिसा काढल्या. त्या आधीं २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत लसीकरणाचें धोरण योग्य ठरवितांनाच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कोणाच्याही शरीरावर बळजबरीनें लस टोचतां येणार नाहीं, आणि लसीनंतरच्या त्रासाची नोंद लोकांस व खासगी डॉक्टरांस स्वतः करतां यावी अशी सोय सरकारनें करावी. हीं सर्व प्रकरणें मृत्यूचीं किंवा धोरणाचीं. आखडलेल्या खांद्याचें त्यांत कोठेंच नांव नाहीं. तेव्हां आमची वाट ठरली ती साध्या निष्काळजीपणाच्या कायद्याची. अमेरिकेंत जी चूक सिद्ध करावी लागत नाहीं तीच येथें सिद्ध करणें आलें.

ह्या वाटेवर पहिला फांटा पैशाचा आहे. लस पैसे देऊन घेतली असल्यास घेणारा कायद्यानें ‘ग्राहक’ होतो. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं हें ठरवून दिलें. जेथें सर्वांसच फुकट सेवा मिळते, तेथें मात्र ग्राहकाचा कायदा लागू होत नाहीं. ह्याचा अर्थ सरकारी दवाखान्यांत चूक झाली तर दादच नाहीं, असा मुळींच नव्हे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयांत १९६३ च्या जुलैंत एका शिक्षिकेचें बाळंतपणानंतर संततिनियमनाचें ऑपरेशन झालें; पोटांत टॉवेल राहून गेला, आणि त्या बाई दगावल्या. खालच्या न्यायालयानें ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला, आणि अखेर १९९६ सालीं अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हा कायम केला. दवाखाना चालविणें हें कांहीं राजसत्तेचें असें काम नव्हे कीं ज्याच्या आड सरकारला लपतां यावें, आणि नोकराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी सरकारवरच येते, हें त्यांतील सार. फुकट लस घेतलेल्यानें ह्या आधारावर दिवाणी दावा करावयाचा. मात्र त्यापूर्वीं सरकारला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. १९८७ च्या कायद्यानें स्त्रियांस, त्यांचें उत्पन्न कितीही असलें तरी, विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मागतां येतो. ही गोष्ट आमच्या भगिनींपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

वहिनींनीं पैसे दिले होते, त्यामुळें ग्राहक आयोगाचें दार उघडें होतें. २०१९ च्या नव्या कायद्याची एक मोठी सोय अशी कीं, तक्रार जेथें सेवा घेतली तेथेंच केली पाहिजे असें राहिलें नाहीं. तक्रार करणारा जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही ती करतां येते. म्हणजे त्या दूरच्या शहरीं खेपा न घालतां बुलढाण्यासच काम होणार होतें. दिलेला मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. मुदत मात्र दोन वर्षांची. ती कोणाच्याही भिडेनें थांबत नाहीं. ‘आधीं हात बरा होऊं द्या, मग पाहूं’ असें म्हणणाऱ्या सोज्ज्वळ घरांचेच हक्क ह्या मुदतींत बुडतात.

दुसरी अडचण पुराव्याची, आणि ती खरोखर मोठी. ह्या बाबतींत आपल्याच लोकांतील एक जुनें प्रकरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९५३ च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या समुद्रकांठीं वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. त्यास पुण्यास एका शस्त्रवैद्यांच्या इस्पितळांत नेलें; पुरेशी भूल न देतां जोर करून हाड ओढण्यांत आलें, आणि त्याच रात्रीं मुलगा गेला. त्याचे वडील स्वतः दौंडचे डॉक्टर होते. त्यांनीं दावा लावला, तो लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले ह्या नांवानें सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६८ सालीं संपला. रक्कम ठरली ३,००० रुपये. तीन हजारांसाठीं पंधरा वर्षें कोण लढतो? पण त्या निकालांतील तत्त्व आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत आधारास घेतात. रोग्यास हात लावणाऱ्यानें तीन ठिकाणीं काळजी घेतलीच पाहिजे: हें काम पत्करावें कीं नाहीं हें ठरवितांना, कोणता उपचार करावा हें ठरवितांना, आणि तो प्रत्यक्ष करतांना. आमचें प्रकरण ह्या तिसऱ्या ठिकाणचें. त्या पित्यास वैद्यक ठाऊक होतें, म्हणून काय विचारावें हें त्यास कळत होतें. आमच्यासारख्यानें काय करावें?

आम्हीं दवाखान्यास रजिस्टर पोस्टानें नोटीस पाठविली. उत्तर वकिलामार्फत आलें. मधुमेही माणसाचा खांदा असा आपोआपही आखडतो, त्याचा लसीशीं संबंध नाहीं. तथापि सद्भावनेनें लसीचे पैसे परत करण्यास दवाखाना तयार आहे, असा त्याचा आशय. पहिलें विधान साफ खोटें नव्हतें, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे. मधुमेह्यांत खांदा आखडण्याचें प्रमाण खरोखरच अधिक असतें. तेव्हां सारा भार एका प्रश्नावर येऊन ठेपला: दुखणें नेमकें केव्हां सुरू झालें? अस्थिवैद्यांकडे आम्ही गेलों तें तीन महिन्यांनंतर. त्यांच्या कागदावर ‘तीन महिन्यांपासून’ एवढेंच. अठ्ठेचाळीस तासांची ती नाजूक खूण कोठेंच लिहिलेली नव्हती.

ती सांपडली आमच्या अपेक्षेपलीकडच्या जागीं. वहिनी गेलीं पस्तीस वर्षें रोजच्या खर्चाची वही लिहितात. मुलीकडे गेल्या तरी ती पिशवींत असतेच. त्या वहींत लस घेतली त्या दिवशीं लसीचे पैसे मांडलेले. दुसऱ्या दिवशीं, ‘दुखण्याच्या गोळ्या, डावा खांदा.’ तिसऱ्या दिवशीं, ‘धुणें बाईकडे दिलें, हात उचलत नाहीं.’ आणि तेथून पुढें पानांमागून पानें, धुण्याचे, भांड्यांचे, कणीक मळण्याचे, कधीं वेणी घालून देणाऱ्या शेजारच्या पोरीस दिलेल्या खाऊचे पैसे. दादांनीं चष्मा लावून सारी वही वाचली, आणि कांहीं न बोलतां उठून ओसरीवर जाऊन बसले. पत्नीचा हात इतके दिवस इतका दुखत होता, हें त्यांस खर्चाच्या आंकड्यांतून प्रथम कळत होतें.

ह्या वहीनें दुसराही एक प्रश्न सोडविला. जी स्त्री पगार मिळवीत नाहीं, तिच्या हाताची किंमत काय धरावयाची? जमशेदपूर येथें १९८९ सालीं झालेल्या आगीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं गृहिणींच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली, आणि तीही कमींत कमी म्हणून. २०२१ च्या जानेवारींत कीर्ति विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स ह्या निकालांत त्याच न्यायालयानें, गृहिणीचें काम घराच्या मिळकतींत खरी भर घालतें, तें बिनमोलाचें मानणें ही चूक आहे, असें स्पष्ट केलें. हे निकाल मृत्यूच्या भरपाईचे. तरी त्यांतील माप जिवंत हातासही लागू पडावें असें म्हणण्यास जागा आहे. आम्हीं मागितलेली रक्कम त्यामुळें हवेंतून काढावी लागली नाहीं: औषधपाणी, व्यायाम करविणाऱ्याची फी, जाण्यायेण्याचा खर्च, वहींतील परक्या हातांचे पैसे, आणि क्लेशांबद्दल एक माफक रक्कम.

आमच्या ह्या धडपडींतून जें शिकलों तें सांगतों. लस घेतांच तिचें नांव, बॅच नंबर, तारीख, वेळ व कोणत्या हातांत ती घेतली, हें लिहून घ्यावें व पावती जपून ठेवावी. दोन दिवसांत दुखणें कमी न होतां वाढत असेल, तर जवळच्या डॉक्टरकडे जाऊन ‘अमुक तारखेस अमुक जागीं लस घेतल्यापासून’ हे शब्द त्याच्या कागदावर आणावे. सुई टोंचल्याची खूण दिसत असेल, तर शेजारीं मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावें. गांवच्या आरोग्यकेंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यास लेखी कळवावें. लसीनंतरच्या त्रासाची नोंद वर पाठविणें हें त्यांच्या कामांतच मोडतें, आणि त्या नोंदींच्या वर्गीकरणांत ‘टोचण्यांतील चूक’ असा एक स्वतंत्र प्रकार आहे. अस्थिवैद्यांचें मत लेखी घ्यावें. प्रत्येक खटल्यांत तज्ज्ञाची साक्ष पाहिजेच असें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं म्हटलें आहे. परंतु जेथें मधुमेहासारखें दुसरें कारण समोर उभें आहे, तेथें तज्ज्ञावांचून निभाव लागणें कठीण. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे व्यायाम व उपचार सोडूं नये. खटला हा खांद्याचें औषध नव्हे.

वहिनींची तक्रार बुलढाण्याच्या आयोगापुढें दाखल झाली आहे. निकाल लागावयाचा आहे. तो आमच्या बाजूनें लागेल असें छातीठोकपणें सांगण्याची आमची तयारी नाहीं. मधुमेहाचा मुद्दा बळकट आहे, वहीही बळकट आहे. न्याय तोलणारे तोलतील. हात आतां कानापर्यंत जातो, अंबाड्यापर्यंत अजून जात नाहीं. दाखल करण्याच्या दिवशीं घाट चढतांना आम्हीं दादांस विचारलें, “काय, शहाणपणाची म्हण मोडली ना?” ते म्हणाले, “म्हण भांडखोरांसाठीं होती. आपण भांडायला चाललों नाहीं; हिशेब द्यायला चाललों आहों.”

यंदा पुन्हां लस घेण्याची वेळ आली, तेव्हां वहिनी घेणार नाहींत अशी आम्हां सर्वांची समजूत होती. त्यांनीं त्यासाठीं सैल बाहीचें नवें पोलकें शिवून ठेवलें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. ह्या खेपेस उजवा हात पुढें करून, आणि बाही पार खांद्यापर्यंत वर घेऊन, त्यांनीं टोचणाऱ्या बाईंस म्हटलें, “बाई, आधीं तुम्ही बसा. घाई नाहीं. हें हाड संपतं ना, तिथून खालीं दोन बोटं मोजा, आणि मग टोचा.” त्या बाई हंसल्या, बसल्या, आणि त्यांनीं दोन बोटें मोजलीं. मागें रांगेंत गांवच्या चार बायका उभ्या होत्या. त्यांनीं आपापल्या बाह्या वर घेतल्या.